सेट ओला निघाला

आईच्या पित्ताशयात खडे होते आणि पित्ताशयच दुर्बिणीतून काढायचं ठरलं होतं. सकाळी आठची वेळ दिलेली. रात्रीपासून ती उपाशी, हाताला सुई टोचलेली, अंगात मागून बांधायचा तो हिरवा गाऊन, बांगड्या उतरवलेल्या आणि मंगळसूत्र माझ्या शर्टाच्या खिशात. साडेआठ झाले, नऊ झाले. सव्वानऊला ओटीच्या, म्हणजे ऑपरेशन थिएटरच्या, दारातून एक सिस्टर डोकावली आणि म्हणाली, "अजून दीड-दोन तास लागतील. सेट ओला निघालाय."

ओला आहे तर पुसा की! हे मी नुसतं मनात म्हटलं नाही, मोठ्यानं म्हटलं. सिस्टरनं चेहऱ्यावरची रेष न हलवता सांगितलं, "पुसून चालत नाही. खाली सीएसएसडीत विचारा हवं तर." मी खरंच खाली गेलो. तळघरात, लाँड्रीच्या पलीकडे, एक बंद दार आणि काचेची खिडकी. खिडकीशी उभा राहून मी माझ्या वयाला न शोभेल इतका आरडाओरडा केला. आतल्या बाईनं सगळं ऐकून घेतलं आणि खिडकी लावून घेतली.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. आई तिसऱ्या दिवशी घरी आली आणि चौथ्या दिवशी भाजीत मीठ कमी आहे म्हणाली. माझ्या डोक्यात मात्र ते वाक्य बसलं होतं. एवढ्या मोठ्या रुग्णालयात, सर्जन हात धुऊन तयार असताना, भूलतज्ज्ञ तयार असताना, तळघरातल्या कुणीतरी एक पुडकं ओलं आहे म्हणून सगळं थांबवलं होतं, आणि त्यावर वर कुणी हुज्जत घातली नव्हती. हे कोण लोक? दोन महिन्यांनी रीतसर परवानगी काढून मी पुन्हा त्या दारासमोर उभा राहिलो. दार उघडलं ते त्याच बाईंनी. "तुम्हीच ना ते, ओरडणारे?" त्या म्हणाल्या. "चपला बाहेर काढा, या कपाटातल्या घाला. टोपी नीट घाला, कानावरून."

तिथं सगळे त्यांना ताई म्हणतात, म्हणून मीही ताईच म्हणेन.

सीएसएसडी म्हणजे रुग्णालयातली सगळी हत्यारं, कापड, वाट्या, नळ्या एका जागी धुऊन, बांधून, निर्जंतुक करून पुन्हा वर पाठवणारा विभाग. सकाळचे सहा चाळीस झाले होते. पहिली पाळी नुकतीच लागली होती आणि आत सगळ्यात आधी चाललं होतं ते काम पाहून मी बुचकळ्यात पडलो. माणूसभर उंचीच्या, चकचकीत दाराच्या ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेनं निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, तिथल्या मामांनी एकच छोटं पाकीट ठेवलं आणि दार लावलं. बाकी आत काही नाही. एवढं मोठं धूड एका पाकिटासाठी चालवायचं?

"रोज सकाळी आधी मशीनची परीक्षा," मामा म्हणाले. "मग मशीनकडून काम."

मामांची नोकरी एकतीस वर्षांची आहे. त्यांनी चालवलेली ही चाचणी बोवी-डिक या नावानं जगभर ओळखली जाते. १९६३ साली ब्रिटनमध्ये ती पुढे आली आणि तेव्हापासून निर्वात पद्धतीचे ऑटोक्लेव्ह जिथं आहेत तिथं दिवसाची सुरुवात तिनं होते. ती तपासते एकच गोष्ट: आत हवा उरली आहे का. १३४ अंशांवर साडेतीन मिनिटं वाफ दिली की पाकिटाच्या मधोमध ठेवलेल्या कागदावरची फिकट नक्षी काळी पडते. सगळीकडे सारखी काळी पडली तर हवा पूर्ण निघाली. मध्ये फिकट डाग राहिला तर तिथं हवेचा बुडबुडा अडकला होता, आणि जिथं हवा तिथं वाफ पोचत नाही.

मला ते चटकन कळलं नाही, तेव्हा मामांनी विचारलं, "तुमच्या घरी कुकर लावताना शिट्टी कधी ठेवतात?" लहानपणी आईनं शंभर वेळा सांगितलेलं आठवलं. आधी झाकणातून वाफेचा फवारा सुटू दे, मग शिट्टी ठेव. आईला कारण ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं. त्या फवाऱ्याबरोबर कुकरमधली हवा बाहेर जाते. हवा राहिली तर दाब दिसतो तितका, पण उष्णता तितकी नसते. कुकर आणि ऑटोक्लेव्ह ही सख्खी भावंडं आहेत. दनी पापँ या फ्रेंच माणसानं १६७९ मध्ये हाडं शिजवायला दाबाचं भांडं केलं. त्यानंतर दोनशे वर्षांनी, १८७९ मध्ये, पाश्चरचा सहकारी शार्ल शांबरलाँ यानं तेच तत्त्व जंतू मारायला वापरलं. साधारण १५ पौंडांचा दाब आणि १२१ अंश हे आकडे आपल्या ओट्यावरही असतात. रुग्णालयात त्यावर पहारा असतो एवढंच.

वाफेतच असं काय आहे, हेही मामांनीच सांगितलं. कोरड्या भट्टीत हत्यारं निर्जंतुक करायची तर १६० अंशांवर दोन तास लागतात. वाफेला १२१ अंशांवर पंधरा मिनिटं पुरतात. कारण वाफ गार वस्तूला टेकली की तिचं पाणी होतं, आणि पाणी होताना प्रत्येक ग्रॅममागे सुमारे ५४० कॅलरी उष्णता ती तिथं सोडून देते. तंदूरमध्ये क्षणभर हात घालता येतो, कुकरच्या वाफेवर नाही. म्हणजे इथं जंतूंना मारणारी गोष्ट आहे ती वाफेचं पाणी होणं. आणि दीड तासानं आईचं ऑपरेशन पुढे ढकलणारी गोष्टही तेच पाणी. त्याकडे येतोच.

मशीनचं दार उघडलं. मामांनी कागद उजेडाकडे धरला, चष्मा कपाळावर चढवून पुन्हा पाहिला, मग ताईंना दाखवला. दोघांच्या सह्या झाल्या. मला नक्षी पूर्ण काळी दिसली होती, पण माझ्या दिसण्याला तिथं काही किंमत नव्हती.

विभागाची रचना एका दिशेच्या रस्त्यासारखी आहे. एका बाजूनं घाण आत येते, दुसऱ्या बाजूनं निर्जंतुक माल वर जातो, आणि उलटं कुणी चालत नाही. ऑटोक्लेव्हलाही दोन दारं आहेत. या खोलीतून आत घालायचं, त्या खोलीतून बाहेर काढायचं. घाण बाजूची हवा बाहेर खेचून घेतलेली असते, म्हणजे दार उघडलं तरी तिकडची हवा इकडे येत नाही. मी सुरुवात घाण बाजूला केली आणि दहा मिनिटांत अंगावरच्या प्लॅस्टिकच्या एप्रनखाली घामानं भिजलो.

तिथं दोन मावशी आणि एक नवा मुलगा होता. वरच्या मजल्यावरून लिफ्टनं बंद पेट्या खाली येतात. रात्रीच्या सिझेरियनचा सेट उघडला तेव्हा वास आला तो लोखंडासारखा, ओलसर. मावशींनी आधी नग मोजले, मग कोमट पाण्यात एन्झाइमचं औषध घालून सगळं बुडवलं. गरम पाणी का नाही? रक्ताचा डाग गरम पाण्यात घातला की पक्का बसतो, हे आपल्या घरात कुणाला सांगावं लागत नाही. इथंही तेच. आणि वरून येताना हत्यारं सुकू द्यायची नाहीत, पण सलाइनमध्येही भिजवायची नाहीत, कारण मिठानं स्टीलला खड्डे पडतात. "ओटीतली नवीन पोरं सलाइन ओततात," मावशी म्हणाल्या. "जवळ असतं ना बाटलीत. मग आम्ही वर फोन करतो. ऐकतात चार दिवस."

घासायचं ते पाण्याखाली, म्हणजे शिंतोडे उडत नाहीत. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेची हत्यारं म्हणजे हातभर लांबीच्या बारीक नळ्या, पेन्सिलीहून बारीक. त्यांच्या आतून लांब ब्रश घालायचा आणि तो दुसऱ्या टोकातून बाहेर आलेला डोळ्यांनी पाहायचा. नुसतं आत-बाहेर केलं तर मळ आतल्या आत ढकलला जातो. मावशींनी एक नळी तीन वेळा केली. तिसऱ्या वेळी ब्रशवर काही नव्हतं. मी म्हटलं, झालं. त्यांनी चौथ्यांदा केली.

मग ती सगळी हत्यारं अल्ट्रासाउंडच्या पाण्यात जातात. सेकंदाला चाळीस हजार वेळा पाणी थरथरतं, त्यात सूक्ष्म बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि सांध्यांत अडकलेलं काहीबाही ओढून काढतात. हे यंत्र चालतंय की नुसतं गुणगुणतंय, हे पाहायला मावशींनी स्वयंपाकघरातल्या अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा तुकडा पाण्यात धरला. थोड्या वेळानं वर काढून दिव्यासमोर धरला तर त्याची चाळण झालेली. आठवीच्या पुढे शाळा न पाहिलेल्या या बाई मला पदार्थविज्ञानाचा प्रयोग दाखवत होत्या आणि त्यांना त्यात काही विशेष वाटत नव्हतं.

या विभागात निर्जंतुक करण्याइतकाच वेळ धुण्यात जातो. हे मला आधी उगाच वाटलं. १३४ अंशांच्या वाफेत जंतू मरणारच असतील तर एवढं घासायचं कशाला? ताईंचं उत्तर असं, की वाळलेल्या रक्ताच्या थराखाली जंतू गोधडी पांघरून बसल्यासारखा बसतो. वाफ वरून निघून जाते. शिवाय मेलेल्या जंतूंचा मळही शरीरात गेला की ताप आणू शकतो. मळ तो मळच.

पॅकिंगचं टेबल हे ताईंचं राज्य. भिंगाचा दिवा, वर पांढरा प्रकाश, समोर धुऊन वाळवून आलेली हत्यारं. मला सगळी एकसारखी कात्र्यांसारखी दिसत होती. तासाभरात निम्म्यांची नावं कळली. आर्टरी कापत नाही, धरते, रक्तवाहिनीचं तोंड दाबून. तिचंच धाकटं भावंड मॉस्किटो. अ‍ॅलिसच्या टोकाला बारीक दात असतात, बॅबकॉकला नसतात, म्हणून नाजूक आतडं बॅबकॉकनं धरायचं. नीडल होल्डरच्या कड्या सोनेरी असल्या की त्याच्या जबड्यात टंगस्टन कार्बाइड आहे, महाग, जपून. टॉवेल क्लिप, स्पंज होल्डर, रिट्रॅक्टर. ताई त्यांना हात लावायच्या आधीच ओळखत होत्या.

प्रत्येक नगाची परीक्षा वेगळी. आर्टरी पहिल्या दात्यावर लावायची आणि तळहातावर टपकन आपटायची. उघडली तर बाद, कारण तीच आर्टरी पोटात उघडली तर? कात्री हातमोज्याच्या रबरावर चालवायची, टोकापर्यंत. टोकाला रबर चावलं गेलं तर धार गेली. नीडल होल्डरमध्ये सुई धरून वळवून पाहायची. दुर्बिणीच्या हत्यारांवर काळं आवरण असतं, कारण त्यांतून वीज जाते आणि ती फक्त टोकाशीच बाहेर पडली पाहिजे. आवरणाला केसाएवढी चीर पडली तर तिथून ठिणगी आतड्याला लागू शकते आणि सर्जनला ती पडद्यावर दिसणारही नाही. ताईंनी एक ग्रास्पर भिंगाखाली सावकाश फिरवला. थांबल्या. मला म्हणाल्या, "बघा." मला काही दिसेना. त्यांनी नखाची कड अलगद आडवी ओढली. एके ठिकाणी नख अडखळलं. मीही ओढून पाहिलं. हो, काहीतरी होतं, पेन्सिलीनं मारलेल्या पुसट रेघेसारखं. नंतर तपासणीच्या यंत्राची तार त्यावरून फिरवली तेव्हा ते टीं करून ओरडलं. ग्रास्पर लाल डब्यात गेला.

"किंमत?" मी विचारलं.

"इथल्या दोघींच्या महिन्याच्या पगाराएवढी," त्या म्हणाल्या आणि पुढचा नग उचलला.

मग मांडणी. जड खाली, हलकं वर. कड्या एका सळईत ओवायच्या आणि सगळ्यांची तोंडं उघडी ठेवायची, नाहीतर सांध्यात वाफ जात नाही. मध्ये रासायनिक इंडिकेटरची पट्टी. यादीवर प्रत्येक नगापुढे टिक. एकूण वजन दहा किलोच्या आसपास थांबवायचं. त्यापुढे ट्रे नीट वाळत नाही. वर दोन चादरी, एकीवर एक. घडी वाण्याच्या पुडीसारखी, चारी कोपरे आत. फरक एवढाच, की वाण्याची पुडी सुटू नये अशी बांधतात आणि ही पुडी वर ओटीत आतल्या वस्तूला हात न लावता उघडता आली पाहिजे. म्हणून शेवटच्या कोपऱ्याचं टोक एवढंसं बाहेर, दुमडून. ताईंची घडी मी तीन वेळा करून पाहिली. तिसऱ्या वेळी त्यांनी नुसतं "हं" म्हटलं आणि सगळं सोडून पुन्हा स्वतः घातलं.

वर चिकटपट्टी. पोस्टाच्या पाकिटाला लावावी तशी दिसणारी, पण वाफेत गेली की तिच्यावर तिरप्या काळ्या रेघा उमटतात. आईच्या ऑपरेशनच्या दिवशी मी ओटीच्या ट्रॉलीवर या रेघा पाहिल्या होत्या आणि ती नक्षी आहे असं समजलो होतो. मी म्हटलं, म्हणजे रेघा आल्या की निर्जंतुक. ताई हसल्या. "रेघा म्हणजे नुसती हजेरी. हजेरी लागली म्हणून पोरगं पास झालं का?"

पास झालं का हे सांगणारी वस्तू पेनाच्या टोपणाएवढी आहे. काचेच्या कुपीत जांभळं पाणी आणि त्याच्या बाजूला कागदाचा कपटा. कपट्यावर जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस या जंतूचे लाखो बीजाणू. हा जंतू माणसाला काही करत नाही, पण वाफेला तो फार चिवट, म्हणून त्यालाच पुढे करतात. तो मेला तर बाकीचे मेलेच. मशीनच्या तळाशी, पाणी वाहून जायच्या तोंडापाशी, जिथं वाफ पोचायला सगळ्यात अवघड तिथं ही कुपी ठेवतात. बाहेर आल्यावर आतली काच फोडायची आणि छप्पन्न-साठ अंशांच्या उबेत ठेवायची. जंतू जिवंत असेल तर तो वाढतो आणि पाणी पिवळं होतं. जांभळंच राहिलं तर बरं. शेजारी एक कुपी मशीनमध्ये न घातलेली ठेवायची. ती पिवळी झालीच पाहिजे. नाही झाली तर आणलेले बीजाणू आधीच मेलेले होते आणि सगळी परीक्षा फुकट. पूर्वी निकालाला एक-दोन दिवस लागायचे. आता नव्या कुप्यांचा निकाल वाचक यंत्र काही तासांत देतं.

मामांनी या सगळ्याच्या आधीचे दिवस पाहिलेत. नोकरीची पहिली वर्षं तालुक्याच्या रुग्णालयात गेली. तिथं स्टीलचे गोल ड्रम असत, कडेला भोकं आणि भोकांवर सरकती पट्टी. आत गॉज, कापड, गाऊन कोंबून ड्रम उभ्या ऑटोक्लेव्हमध्ये लावायचे, भोकं उघडी ठेवून. बाहेर काढल्या काढल्या पट्टी सरकवून भोकं बंद. "एखाद्यानं भोकं उघडायचं विसरलं तर? आत वाफच नाही गेली. कळणार कुणाला?" शिबिरात तर हत्यारं पाण्यात उकळत. उकळतं पाणी १०० अंशांच्या वर जात नाही आणि धनुर्वाताचे बीजाणू त्यात तग धरू शकतात. कात्र्या सायडेक्सच्या द्रावणात बुडवून ठेवत. त्या वासानं डोळे चुरचुरत. "तेव्हा लोक बरे होत नव्हते असं नाही," मामा म्हणाले. "पण जखम चिघळली की पेशंटच्या नशिबावर घालायचे." ग्लासगोत १८६५ साली जोसेफ लिस्टरनं एका अकरा वर्षांच्या मुलाच्या मोडलेल्या पायावर कार्बोलिक आम्लाची पट्टी बांधली आणि जखम चिघळली नाही. तेव्हापासून ती नशिबाची गोष्ट राहिली नव्हती, पण हे सगळीकडे पोचायला फार वर्षं लागली, आणि पुरतं पोचलंय असं अजूनही म्हणवत नाही.

उष्णता न सोसणाऱ्या वस्तूंसाठी दोन वेगळ्या खोल्या आहेत. एकीत ईटीओ, म्हणजे इथिलीन ऑक्साइड गॅस. काम उत्तम, पण गॅस विषारी आणि कर्करोगाला कारण होणारा, म्हणून वस्तू नंतर कित्येक तास हवा खेळवून ठेवावी लागते. दुसरीत हायड्रोजन पेरॉक्साइडचा प्लाझ्मा, पन्नासेक अंशांवर, तासाभरात. दुर्बीण तिथं जाते. कापड आणि कागद तिथं चालत नाही, ते पेरॉक्साइड पिऊन टाकतात. त्या खोल्यांत मी फार वेळ थांबलो नाही. बंद दारं आणि हिरवे आकडे, बघण्यासारखं काही नाही.

आता ओल्या सेटची गोष्ट. वाफेचं पाणी होतं ते शेवटी मशीननं खेचून वाळवायचं असतं. पण ट्रे जड भरला, पुडकी एकमेकांना चिकटून रचली किंवा गरम पुडकं गार फरशीवर टेकवलं, तर आत पाणी राहतं. आईच्या दिवशी रात्रपाळीतल्या नव्या मुलानं सेटमधली किडनी ट्रे पालथी घालायची ती उताणी ठेवली होती. तिच्यात चमचाभर पाणी साठलं आणि चादरीच्या तळाला रुपयाएवढा ओला डाग पडला. एवढंच. चादरीचं कापड जंतूंना अडवतं ते कोरडं असेतोवर. ओलं झालं की दिव्याच्या वातीसारखं बाहेरचं आत ओढतं. आतली हत्यारं त्या क्षणी निर्जंतुक असतीलही, पण आता ते कुणी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. मग पुन्हा सोडायचं, पुन्हा बांधायचं, पुन्हा तासाभराची सायकल, आणि त्यानंतर गार होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही. दुर्बिणीचे बाकीचे दोन सेट इतर ओटींत लागलेले होते. म्हणून दीड-दोन तास. मी खिडकीशी जे बोललो होतो ते आठवून मला अवघडल्यासारखं झालं. ताईंना तो विषय संपवायची घाई होती.

साडेआठच्या सुमाराला एक तरुण मुलगा पाठीला सॅक आणि हातात अ‍ॅल्युमिनियमच्या दोन पेट्या घेऊन मागच्या दाराशी आला. खुबा बदलायच्या ऑपरेशनची हत्यारं आणि सांधा, कंपनीचा माल. हाडांच्या ऑपरेशनांत ही नेहमीची पद्धत आहे, रुग्णालय सगळे सेट विकत घेत नाही, कंपनी त्या दिवसापुरते पाठवते. ऑपरेशन साडेदहाला. मुलगा म्हणाला, "ताई, कालच दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये धुतलाय, सील आहे. नुसता लावून टाका."

ताईंनी पेटी उघडली, एका पोकळ रीमरच्या आत टॉर्च मारली आणि पेटी घाण बाजूकडे ढकलली. "आधी धुणार. मग लावणार. मग कुपीचा निकाल. शरीरात राहणारी वस्तू आहे, निकाल आल्याशिवाय सोडत नाही."

पाच मिनिटांत वरून फोन. आधी ओटीच्या सिस्टरचा, मग निवासी डॉक्टरांचा, मग थेट सर्जनचा. मला फक्त या बाजूचं ऐकू येत होतं. "हो सर. नाही सर. दीडच्या आधी नाही होणार सर. इन्चार्ज सिस्टरांशी बोलता का?" इन्चार्ज सिस्टरांनी फोन घेतला, तेच आकडे शांतपणे सांगितले, ठेवला. केस दुपारी गेली. पेट्या आदल्या दिवशी आणायचा नियम आहे, हे त्या मुलालाही माहीत होतं, सर्जनलाही. ताईंचा हात मात्र पुढचा अर्धा तास किंचित थरथरत होता. मी ते पाहिलं, हे त्यांनाही कळलं.

माझा भाचा यंदा नीट देऊन बसलाय. गुण जेमतेम. माझी बहीण फोनवर म्हणते, काही झालं तरी मेडिकललाच घालायचं. मेडिकल म्हणजे आपल्याकडे डॉक्टर, फार तर नर्स, त्याखाली फार्मसी. त्या रेषेच्या आड किती कामं आहेत याची मी मोजणी करत होतो. हृदयाच्या शस्त्रक्रियेत हृदय थांबवल्यावर रक्त फिरतं ठेवणारं यंत्र चालवतो तो पर्फ्युजनिस्ट. किरणोपचाराची मात्रा मोजतो तो मेडिकल फिजिसिस्ट. त्याचा अभ्यासक्रम भाभा अणुसंशोधन केंद्र चालवतं. मुंबईत हाजीअलीच्या राष्ट्रीय संस्थेत कृत्रिम हातपाय बनवायची पदवी मिळते. २०२१ मध्ये अशा सहयोगी आरोग्य व्यवसायांसाठी केंद्रानं स्वतंत्र आयोगाचा कायदा केला, म्हणजे कागदावर तरी त्यांना नाव मिळालं.

तळघरातल्या कामाचा मार्ग अजून वाकडातिकडाच आहे. ओटी टेक्निशियनच्या पदविकेत तो एखाद-दोन प्रकरणांत येतो, बाकी हाताखाली शिकायचं. मामा वॉर्डबॉय म्हणून लागले होते. ताई बीड जिल्ह्यातल्या, बारावी सायन्स, नर्सिंगला नंबर लागला नाही म्हणून ओटीची पदविका. "इथं तात्पुरती आले होते," त्या म्हणाल्या. नऊ वर्षं झाली. लग्न ठरताना मुलाकडच्यांनी विचारलं, म्हणजे नक्की काय करते? वडिलांनी सांगितलं, ऑपरेशनच्या हत्यारांचं बघते. पलीकडच्यांना ते धार लावण्याचं काम वाटलं.

पगाराचा आकडा त्यांनी मला सांगितला आणि लिहू नका म्हणाल्या. तो ऐकून एवढंच म्हणतो, की ज्या माणसाच्या एका "नाही"वर सर्जन थांबतो त्याला तेवढ्या पैशांत ठेवणं ही आपली मोजमापाची चूक आहे. त्यात त्या नव्या मुलाची नोकरी कंत्राटावर. अकरा महिन्यांचा करार, संपला की पुन्हा. किडनी ट्रे पालथी घालायला शिकेपर्यंत तो दुसरीकडे गेलेला असेल. आणि अंगावर येणारं काम तर आहेच: उष्णता, उभं राहणं, हत्यारांच्या टोकांनी हातमोजे फाटणं. भाच्याला मी हे सगळं सांगितलं. त्यानं विचारलं, "तिथं मोबाइल चालतो का?" आत न्यायचाच नसतो म्हटल्यावर तो जरा विचारात पडला.

पावणेदोनला वाचक यंत्रानं खुब्याच्या लोडचा निकाल दिला. ताईंनी वहीत लिहिलं, सही केली, वर फोन लावला. "सोडतेय," एवढंच म्हणाल्या.

निघताना मी संकोचत विचारलं, आईच्या दिवसाची नोंद बघता येईल का. तारीख मला पाठ होती. ताईंनी जुनी वही काढली, पानं उलटली. निळ्या शाईत एक ओळ: मशीन दोन, सायकल एक, लॅप सेट तीन, तळाशी ओला, परत घेतला, सात चाळीस, आणि त्यांची सही. खाली दुसरी ओळ: लॅप सेट तीन, सायकल चार, कोरडा, सोडला. आईचं नाव कुठंच नव्हतं. असायचं कारणही नव्हतं. पेशंटच्या कागदांत सेटचा नंबर लिहितात, सेटच्या वहीत पेशंटचं नाव नाही.

"तो बघा, तीन नंबर," ताई म्हणाल्या. काचेपलीकडच्या जाळीच्या फळीवर ते पुडकं गार होत पडलं होतं. निळी चादर, तिरप्या काळ्या रेघा, दुमडलेला कोपरा. काचेतलं छोटं दार उघडंच होतं. मी नकळत हात पुढे केला.

"अं हं," त्या म्हणाल्या. "हात नको."